दारची तुळस आणि लेकराचा खोकला

मंडळी, सकाळच्या पारी बेंबळीसारख्या गावात कुठल्याही अंगणात डोकावून पाहा. सडा पडलेला असतो आणि मधोमध तुळस. वृंदावन नसेल तिथे फुटका डबाही चालतो. आषाढात हीच तुळस डोक्यावर घेऊन आयाबाया पंढरीची वाट चालतात. कार्तिकात तिचं लग्न लागतं. ती आपल्या घरचीच. म्हणून कुणी खोकलं की हात आधी तिच्याकडे जातो.

तुळशीत असं आहे तरी काय? एक पान चुरगाळून हुंगा. लवंगेची आठवण होते ना? ते उगीच नव्हे. लवंगेच्या तेलातलं युजेनॉल नावाचं द्रव्य तुळशीतही असतं. पानावरच्या बारीक ग्रंथींत हे तेल साठलेलं असतं आणि वाफेबरोबर ते उडून जातं. म्हणून काढा उकळताना भांड्यावर झाकण ठेवावं. पानं वाळवायची तर सावलीत वाळवावीत. मंजिऱ्या वेळेवर खुडाव्यात, म्हणजे पाला अधिक येतो.

मोठ्या माणसाच्या साध्या पडशाला आलं-गूळ घातलेला कोमट काढा घशाला आराम देतो. पण आयांनी एक गोष्ट ध्यानात धरावी. तुळशीचा रस मधात कालवून तान्ह्याला चाटवायची आपल्याकडे रीत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये. मधात कधी कधी एका जंतूची बीजं असतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत. तान्ह्याच्या आतड्यात मात्र रुजून विष तयार करतात आणि बाळ लुळं पडतं. मध उकळला तरी ती मरत नाहीत.

दुसरी गोष्ट घड्याळाची. खोकणारं मूल शांत असताना त्याचे श्वास पूर्ण एक मिनिट मोजा. २ महिन्यांच्या आतल्या बाळाचे ६० किंवा अधिक, २ महिने ते वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा अधिक, १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर तो न्यूमोनिया असू शकतो. मग काढा उकळत बसू नका. लेकरू उचला आणि दवाखाना गाठा.

गुरुजी, हे आकडे वर्गात फळ्यावर लिहा. मुलं ते घरी नेतील, धाकट्या भावंडाचे श्वास मोजतील. तुळस दारात राहू द्याच. पण तिच्या भरवशावर रात्र काढू नका.