मित्राची विखुरलेली पाने

पाणचक्की पाहायला येणाऱ्यांची नजर पाण्यावर आणि जात्यावर असते. बाबा शाह मुसाफिर यांच्या या तकियात अठराव्या शतकात मीर गुलाम अली आझाद बिलग्रामी राहत होते, हे थोड्यांनाच ठाऊक असते. मूळचे अवधमधील बिलग्रामचे आझाद हजहून परतल्यावर औरंगाबादचेच झाले. अरबी-फारसीचे ते मोठे पंडित. दरबारात ओळखी असूनही त्यांनी पद स्वीकारले नाही.

त्यांचे जिवलग मित्र म्हणजे समसामुद्दौला शाहनवाज खान. 1700 साली रमजान महिन्यातच लाहोरात जन्मलेले खान तरुणपणीच औरंगाबादला आले. निजामाची मर्जी गेल्यावर त्यांना काही वर्षे घरी बसावे लागले. त्या काळात त्यांनी मोगल अमीर-उमरावांची चरित्रे लिहायला घेतली. तोच ‘मआसिरुल उमरा’ हा फारसी ग्रंथ. पुढे सलाबतजंगाच्या कारकिर्दीत ते दिवाण झाले आणि लेखन मागे पडले.

निजामाच्या घरातील भाऊबंदकी आणि फ्रेंच सेनानी बुसीचा वाढता प्रभाव यांच्या ओढाताणीत मे 1758 मध्ये औरंगाबादेत खानांची हत्या झाली. हिजरी 1171 च्या रमजानचा तो तिसरा दिवस. घर लुटले गेले, पुस्तके पांगली, हस्तलिखितही नाहीसे झाले.

मित्र गेला, त्याच्यासाठी दुआ केली, एवढ्यावर आझाद थांबले नाहीत. ते वर्षभर ती पाने शोधत राहिले. सापडली तसा त्यांचा क्रम लावला, काही गहाळ मजकुराची भर स्वतः घातली. सुरुवातीला प्रस्तावना आणि खानांचे चरित्र जोडले. मित्राची विद्वत्ता आणि उदार स्वभाव आज आपल्याला कळतो तो त्यातूनच. पुढे खानांचे पुत्र अब्दुल हई खान यांनी 1780 मध्ये ग्रंथ पूर्ण केला. सातशेहून अधिक चरित्रांच्या या ग्रंथात मराठा सरदारही आहेत. मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांनाही तो लागतो.

माणूस गेल्यावर त्याच्या कर्मांची वही मिटते. तीन गोष्टींचे पुण्य मात्र त्याला मिळत राहते, असे हदीस सांगते: चालू राहणारे दान, लोकांच्या उपयोगी पडणारे ज्ञान आणि दुआ करणारी नेक संतती. खानांचे ज्ञान टिकले ते मित्रामुळे, आणि ते पुरे केले मुलाने.

आझाद 1786 मध्ये वारले. खुलताबादेत त्यांची कबर आहे. रमजानात आपण आपल्या मरहूम मित्रांसाठी हात उचलतो. त्यांचे एखादे अर्धे राहिलेले काम, कुणा मुलाची फी, कुणाला दिलेला शब्द, हाती घेतला तर तीही दुआच ठरेल.