टोल चुकला, पण सुटला नाही

वर्सोव्यात राहणाऱ्याला टोलनाका तसा परका. जयप्रकाश रोडने थेट कोळीवाड्यापर्यंत या, कोणी आडवा येत नाही. (घोडबंदरजवळच्या वर्सोवा पुलाचा आमच्या गावाशी संबंध नाही, पाहुणे मात्र हटकून गोंधळतात.) टोल आठवायचा तो दहिसर ओलांडताना. तिथेही, मुंबईच्या इतर चार प्रवेशनाक्यांप्रमाणेच, ऑक्टोबर २०२४ मध्ये हलक्या वाहनांना माफी मिळाली आणि आमच्या इमारतीतल्या मोटारवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

गल्लीत टेम्पो लावणाऱ्या आमच्या शेजाऱ्याला मात्र ती सुटका अर्धीच. तो मासळी घेऊन डहाणूच्या बाजूला जातो. वाटेत राष्ट्रीय महामार्गावर खानिवडे आहे, चारोटी आहे. डिसेंबर २०२५ मध्ये त्याच्या फास्टॅगची ओळखपडताळणी अर्धवट राहिली, टॅग काळ्या यादीत गेला आणि नाक्यावर दुप्पट रोख मोजावी लागली. यूपीआयने भरले असते तर सव्वापटीत भागले असते. ती सवलत नोव्हेंबरातच सुरू झाली होती, पण त्याला सांगणार कोण? परत आल्यावर त्याने मला विचारले, “दादा, न भरता तसाच निघालो असतो तर काय केलं असतं त्यांनी?”

प्रश्न साधा, पण त्याचे उत्तर आता बदलले आहे. पूर्वी टोल न भरणे म्हणजे बूथवरच्या पोराशी हुज्जत आणि मागे हॉर्नचा कल्लोळ. त्या भांडणांतून काही निघालेही. २०१५ मध्ये राज्य सरकारने १२ नाके बंद केले, ५३ नाक्यांवर मोटारी आणि एसटीला सूट दिली. भांडण समोरासमोर होते, तिथल्या तिथे मिटत होते.

जानेवारी २०२६ मध्ये केंद्राच्या मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. राष्ट्रीय महामार्गावर यंत्राने गाडी नोंदली आणि पैसे जमा झाले नाहीत, तर ती थकबाकी गाडीच्या नावावर राहते. ती फिटेपर्यंत गाडी विकताना लागणारा ना-हरकत दाखला मिळत नाही, योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण होत नाही, राष्ट्रीय परवानाही अडतो.

नियम सगळ्यांना एकच, पण त्याचा मार सारखा नाही. खासगी मोटारीला पहिली पंधरा वर्षे योग्यता प्रमाणपत्राची फिकीर नसते. व्यापारी वाहनाला आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी ते लागते. म्हणजे शंभर-दोनशे रुपयांच्या बाकीपायी टेम्पो उभा, आणि टेम्पो उभा म्हणजे चूल थंड. बुडवेगिरीला लगाम हवाच, मला ते मान्य आहे. पण पैसे बुडवणारा आणि टॅगच्या घोळात सापडलेला यांना एकाच तराजूत तोलू नये.

टॅग चालू आहे, शिल्लक पुरेशी आहे आणि बिघाड नाक्याच्या यंत्रात आहे, तर गाडी फुकट सोडून शून्य रकमेची पावती द्यावी, असा नियम २०१८ पासून आहे. शेजाऱ्याला मी तो सांगितला, १०३३ हा मदत क्रमांकही लिहून दिला. त्याने कागद टेम्पोच्या काचेला आतून चिकटवला आणि म्हणाला, “पण नाक्यावरचा माणूसच गेला तर पावती मागायची कोणाकडे?”

त्याची शंका वावगी नाही. याच महामार्गावर, गुजरातेतल्या चोऱ्यासी नाक्यावर, अडथळ्याविना टोल घेण्याचा करार २०२५ मध्येच झाला आहे.