फोर्ट कोचीच्या फेरफटक्यात न भेटणारे तिघे

‘हॉर्टस मलबारिकस’च्या पहिल्या खंडातलं नागरी पान पाहिल्यापासून कोचीनं माझा पिच्छा सोडलेला नाही. १६७८ साली ॲमस्टरडॅमला छापलेला लॅटिन ग्रंथ, विषय मलबारची झाडंझुडपं, आणि त्यात अचानक आपल्या ओळखीच्या वळणाची अक्षरं. खाली नावं तीन: रंगा भट, विनायक पंडित, आपू भट. तिघेही कोचीचे कोकणी वैद्य. फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रोमन लिपीत छापावं लागलं आणि विल्यम केरीचं मराठी व्याकरण नागरी टायपात निघायला १८०५ साल उजाडलं, हे ठाऊक असणाऱ्याला या पानाची किंमत वेगळी सांगायला नको. टाइप नव्हताच; मजकूर ताम्रपटावर कोरून छापला.

त्या तिघांच्या शोधात फोर्ट कोचीचा पायी फेरफटका केला की निराशा होते. वाटाड्या चिनी जाळी दाखवतो, सेंट फ्रान्सिस चर्चमधली वास्को द गामाची मोकळी कबर दाखवतो (अस्थी केव्हाच पोर्तुगालला गेल्या), डच दफनभूमीच्या फाटकाशी थांबतो. मग मट्टनचेरी, रामायणाच्या भित्तिचित्रांचा राजवाडा, १५६८ चं सिनेगॉग, आणि दुपारच्या आत सगळं उरकतं. वाटेत डेव्हिड हॉलपाशी, हा ग्रंथ करवून घेणाऱ्या हेंड्रिक व्हान रीडचं नाव तेवढं निघतं. त्या वास्तूशी त्याचं नाव जोडलं जातं, पण ती साधारण १६९५ ची मानतात आणि रीड १६९१ च्या डिसेंबरातच वारला. सुरतेला निघालेल्या जहाजावर, मुंबईजवळच्या समुद्रात त्याचा अंत झाला. सुरतेच्या डच दफनभूमीत त्याची दुमजली समाधी आहे.

रीड हा डच कंपनीचा मलबारचा कमांडर. ग्रंथाच्या मुळाशी निव्वळ ज्ञानलालसा नव्हती. कंपनीचं हिंदुस्थानातलं बळ कोलंबोत एकवटावं असा कंपनीचाच अधिकारी रायक्लोफ व्हान खून्स याचा आग्रह, तर रीडचा कल कोचीकडे. मलबारच्या रानात औषधांचा केवढा साठा आहे, हे दाखवणं त्याच्या बाजूचा पुरावा होता. युरोपातून महागडी औषधं मागवायची आणि त्यातली काही मुळात इथूनच गेलेली असायची, हे त्याला खुपत होतं. भांडण दोन अधिकाऱ्यांचं, पण त्यातून बारा खंड, सातशेहून अधिक वनस्पती आणि पुढे लिनीयसलाही आधार वाटावा असं काम उभं राहिलं.

आता ते नागरी प्रमाणपत्र. काळ एप्रिल १६७५. तिघे वैद्य सांगतात की कमांडरच्या आज्ञेवरून आम्ही दोन वर्षं सकाळ-संध्याकाळ हे काम केलं, आणि वनस्पतींची नावं नि गुण आपल्या निघंटूवरून, म्हणजे औषधिकोशावरून, दिले. याच खंडात दुसरी साक्ष आहे, करप्पुरमच्या कोल्लाट घराण्यातल्या इट्टी अच्युदन या ईळव जातीच्या वैद्याची, मल्याळमच्या जुन्या लिपीत. त्याचं ज्ञान पिढीजात, घरच्या पोथीतलं. ते आधी पोर्तुगीजमध्ये उतरलं, मग डचमध्ये, शेवटी लॅटिनमध्ये. चित्रांवर झाडांची नावं रोमन, मल्याळम, अरबी आणि नागरी अशा चार लिपींत आली. पहिलं चित्र नारळाच्या झाडाचं.

श्रेय कोणाचं, यावर अभ्यासकांत वाद आहे. रिचर्ड ग्रोव्हसारख्या इतिहासकारानं ब्राह्मणी ग्रंथज्ञानापेक्षा ईळवांच्या अनुभवाला वरचं स्थान दिलं. मला ते पटतं. रोग्याच्या उशाशी बसणाऱ्याला झाड जसं कळतं तसं निघंटूत बघणाऱ्याला कळेलच असं नाही, आणि इट्टी अच्युदनचं नाव शतकानुशतकं मागे पडलं हा अन्यायच होता. चेर्तलाजवळ कडक्करपळ्ळीत आता त्याची आठवण जपली जाते, हे योग्यच झालं. पण म्हणून त्या तिघांना नुसते पोथीपंडित ठरवणं मला मान्य नाही. दोन वर्षांची मेहनत त्यांनी स्वतःच्या सहीनिशी नोंदवली आहे, आणि प्रस्तावनेत रीडनं वैद्यांच्या चर्चेचं मनापासून कौतुक केलं आहे. या साऱ्याचा पुन्हा विचार करता येतो तो के. एस. मणिलाल यांच्यामुळे. कित्येक दशकं खपून त्यांनी हा ग्रंथ इंग्रजीत आणला. केरळ विद्यापीठानं तो २००३ मध्ये काढला, मागोमाग मल्याळममध्येही.

हे तिघे ज्या समाजाचे, तो गोव्यातून पोर्तुगीजांच्या जाचामुळे दक्षिणेकडे सरकलेला. मट्टनचेरीच्या चेर्लाई भागात तिरुमल देवस्वमच्या मंदिराभोवती आजही कोकणी ऐकू येते. कोकणी भाषा प्रचार सभा कोचीतच १९६६ मध्ये स्थापन झाली. ज्यू टाउनपाशी फेरफटका संपवणाऱ्या संस्थांनी तिथून पुढे चेर्लाईपर्यंत माणसांना न्यावं. मंदिराच्या वाटेवर त्या प्रमाणपत्राची मोठी प्रत लावावी, शेजारी इट्टी अच्युदनची साक्ष, दोन्ही मूळ लिपीत आणि खाली मल्याळम, कोकणी, इंग्रजी अर्थासह. मूळ पान छापील आहे, त्याची प्रत काढायला परवानग्यांचा घोळ नाही आणि खर्च एका फलकाचा आहे.