माठाला घाम येतो तेव्हा

दोस्तांनो, वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर संपला, की तुमच्या डोक्यात काय येतं? बॅट-बॉल, आंबे आणि मामाचं किंवा मावशीचं गाव. बरोबर ना? आणि पायात चप्पल सरकवून तुम्ही दाराबाहेर पडता न पडता, तोच आतून आवाज येतो, "अरे, उन्हात कुठं निघालास? ऊन लागेल!"

ऊन लागेल म्हणजे नेमकं काय होईल, हे मात्र आपल्याला सहसा कुणी सांगत नाही. आज तेच बघू या. फार लांब जायला नको, स्वयंपाकघरातल्या माठापर्यंत गेलं तरी पुरे.

माठाच्या अंगाला हात लावून बघा. ओलसर लागतो. मातीच्या बारीक बारीक छिद्रांतून पाणी बाहेर झिरपतं आणि वाऱ्यानं वाळून जातं. आता पाण्याची वाफ व्हायची तर उष्णता हवी. ती ते माठातल्या पाण्याकडूनच उसनी घेतं (आणि कधीच परत करत नाही!). म्हणून आतलं पाणी गार होतं.

आपलं शरीरही असाच एक माठ आहे. बाहेर थंडी असो की ऊन, आतलं तापमान ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास राखायचं, हा त्याचा नियम. तापमान वाढू लागलं, की मेंदू हुकूम सोडतो आणि घाम सुटतो. एक लिटर घाम वाळताना अंगातली किती उष्णता घेऊन जातो, ठाऊक आहे? तेवढ्या उष्णतेत जवळजवळ आठ लिटर साधं पाणी उकळीला येईल! पण घाम वाळला तरच हं. जो ठिबकून खाली पडला, तो फुकट गेला.

इथंच खरी गोम आहे. नागपूर-अकोल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी, त्यामुळे तिकडचा माठ झकास गार होतो. मुंबई-रत्नागिरीकडे हवेतच इतकी वाफ असते, की माठाचं पाणी जेमतेम गार होतं. आपल्या घामाचंही तसंच. म्हणून कोकणात पारा कमी असला, तरी जिवाची काहिली होते. १६ एप्रिल २०२३ रोजी नवी मुंबईत खारघरच्या मोकळ्या मैदानावर एका मोठ्या सोहळ्यासाठी लाखो लोक भर उन्हात बसले होते. पारा होता ३८ अंशांच्या आसपास, म्हणजे विदर्भातल्या माणसाला काहीच न वाटणारा. तरीही त्या दिवशीच्या उष्माघातानं १४ जणांचा जीव गेला. तेव्हा 'चाळीसच्या खाली आहे, काही होत नाही' असं कुणी म्हणालं, तर ऐकू नका. (शाळेच्या मैदानावर मुलांना रांगेत उभं करून प्रमुख पाहुण्यांची वाट बघायला लावणाऱ्या मोठ्या माणसांनीही हा परिच्छेद दोनदा वाचावा!)

आणखी एक गंमत. बातम्यांत सांगतात ते तापमान उन्हातलं नसतंच मुळी, ते असतं सावलीतलं. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून उंचावर, झडपांच्या पांढऱ्या लाकडी पेटीत ठेवलेला असतो. ही पेटी बनवणारे थॉमस स्टीव्हन्सन हे दीपगृहं बांधणारे इंजिनिअर होते. 'ट्रेझर आयलंड' लिहिणारे रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन हे त्यांचेच चिरंजीव. मे २०१३ मध्ये नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, तेही असे सावलीतले. मग उन्हातल्या डांबरी रस्त्यावर काय असेल, विचार करा.

विदर्भातले लोक अशा उन्हातही कामं करतातच की, असं तुम्ही म्हणाल. करतात, पण डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि पहाटे लवकर उठून. शिवाय अंगालाही सवय व्हावी लागते. आठवडा-दोन आठवडे हळूहळू उन्हात वावरलं, की घाम लवकर सुटू लागतो आणि त्यातून मीठही कमी जातं. पुण्याहून आज नागपूरला उतरलेल्या भाच्यानं लगेच दुपारी दोन वाजता मामाच्या पोरांबरोबर मॅच खेळायला जाणं म्हणजे तयारी न करता पेपरला बसणं! पहिले काही दिवस सकाळी आणि संध्याकाळीच खेळा.

आता माठातलंच पाणी संपलं तर? घामातून पाणी जातं आणि मीठही जातं. मग पायात गोळे येतात, डोकं ठणकतं, मळमळतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, लघवी पिवळीधमक होते. ही झाली शरीरानं वाजवलेली घंटा. खेळ तिथंच थांबवायचा, सावलीत आडवं व्हायचं, पाय थोडे उंच ठेवायचे, कपडे सैल करायचे आणि घोट घोट पाणी किंवा मीठ-साखरेचं सरबत प्यायचं. 'एवढी ओव्हर होऊ दे' म्हणायचं नाही. अर्ध्या तासात बरं वाटलं नाही, तर डॉक्टर गाठायचा.

घंटा ऐकली नाही, तर मात्र उष्माघात. अंग ४० अंशांच्या वर तापतं आणि मेंदू गोंधळतो. माणूस भलतंसलतं बोलतो, झोकांड्या खातो, झटके येतात, शुद्ध हरपते. पुष्कळांना वाटतं, की उष्माघात म्हणजे अंग कोरडं पडलंच पाहिजे. तसं नाही. धावताना-खेळताना ऊन लागलेला मुलगा घामानं निथळतही असू शकतो. ओळखायची खूण घाम नव्हे, बिघडलेलं बोलणं-वागणं.

अशा वेळी मोठ्यांना हाक मारा, १०८ क्रमांकावर ॲम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत नुसते वाट बघत बसू नका. त्या माणसाला सावलीत आणा, जादा कपडे काढा, अंगावर भरपूर पाणी ओता आणि वहीनं, पुठ्ठ्यानं, पंख्यानं, मिळेल त्यानं वारा घाला. म्हणजे माठाचीच युक्ती! बर्फ मिळाला तर फडक्यात गुंडाळून मान, काखा आणि जांघांत ठेवा. पाण्याचा हौद किंवा टब जवळ असेल, तर मोठ्यांनी डोकं वर धरून आत बसवलं तरी उत्तम. इथं एकेक मिनिट मोलाचं असतं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तापाची गोळीही नको. तापात मेंदूच तापमान वाढवायला सांगतो, गोळी त्याला गप्प करते. उन्हानं तापलेल्या अंगावर तिचा उपयोग नाही.

आणि खिशातला कांदा? आमच्याकडे अजूनही कितीतरी लोक उन्हात निघताना खिशात कांदा टाकतात. टाकू देत, कांदा बिचारा काही त्रास देत नाही. पण खिशात बसून तो तुमचं ऊन शोषून घेतो, याला काही आधार नाही. त्याला कोशिंबिरीत जाऊ द्या आणि हातात पाण्याची बाटली घ्या. आजीचं कैरीचं पन्हं मात्र अगदी शास्त्रशुद्ध : पाणी, गूळ आणि मीठ. ताकाचंही तेच. १९७१ साली बांगलादेशच्या लढाईत बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीची साथ आली, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेच्या पाण्यावर हजारो रोग्यांचे प्राण वाचवले. घरी करायचं तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा, वरणाचा नव्हे!

उन्हाळ्यात घोळणा फुटला, तर डोकं मागं टाकून झोपू नका. रक्त घशात उतरतं. बसा, पुढं वाका, नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा मिनिटं घट्ट धरा आणि तोंडानं श्वास घ्या.

घरातल्या आजी-आजोबांकडेही जरा बघा. वय वाढलं, की तहान कमी लागते. 'मला नको रे पाणी,' असं आजी म्हणते ते खरंच, पण तिच्या शरीराला ते हवं असतं. दर तासाला तिच्या हातात पेला द्यायचं काम तुमचं. तिला रक्तदाबाच्या किंवा हृदयाच्या गोळ्या चालू असतील, तर पाणी आणि मीठ किती, ते तिच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

आईबाबांनो, तुमच्यासाठी एकच. काचा लावलेली मोटार उन्हात दहा मिनिटं उभी राहिली, तरी आतला पारा दहा अंशांच्या आसपास चढतो. 'दोन मिनिटांत भाजी घेऊन येते' म्हणून झोपलेल्या बाळाला आत ठेवून जाऊ नका. भाजीच्या रांगेत दोनाची पंधरा मिनिटं कधी होतात, ते कळतच नाही.