दंड साथीनंतर, मनाई हुकूम साथीआधी

मृगाचे दोन मोठे पाऊस झाले, की भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरचे सगळे पाणी ओढ्याला लागते. वर गोठा असो की पोल्ट्री, तिथली घाण खालच्या विहिरीत उतरते. वाडीत जुलाब सुरू होतात आणि ग्रामसभेत भांडण जुंपते. "दंड करा त्याला!" असा गलका होतो. पण मंडळी, दंड होतो तो माणसे आजारी पडल्यावर. २०२५ च्या जानेवारीत खाली किरकटवाडी, नांदेड, सिंहगड रोड भागात जीबीएसचे रुग्ण निघाले, तेव्हा पिण्याच्या पाण्याचाच संशय आला. घाण आधीच थांबवायची तर हुकूम लागतो.

हा हुकूम प्रांतसाहेब देऊ शकतात. पूर्वी यासाठी फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३ होते; १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२ आहे. 'उपद्रव दूर करा, नाहीतर हजर राहून म्हणणे मांडा', असा तो सशर्त हुकूम असतो. धोका गंभीर व तातडीचा असेल, तर निकालाची वाट न बघता कलम १६१ खाली मनाई करता येते. मात्र दोन भावांच्या बांधाचे भांडण यात बसत नाही. धोका वाडीच्या आरोग्याला पाहिजे.

हुकूम ग्रामपंचायतीवरही निघू शकतो बरं का! मध्य प्रदेशात रतलामच्या उघड्या गटारांबद्दल रहिवासी मॅजिस्ट्रेटकडे गेले. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. १९८० साली सुप्रीम कोर्टात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती सबब मानली नाही.

अर्ज नुसत्या तक्रारीचा नसावा. सोबत पाणी तपासणीचा अहवाल, जागेचा पंचनामा, आरोग्य केंद्राकडील रुग्णांची माहिती आणि ग्रामसभेचा ठराव जोडावा. ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ही कागदे पावसाआधीच तयार ठेवावीत.

पोल्ट्रीवाला, गोठेवाला काही परका नाही, आपलाच शेतकरी आहे. त्याने खत उंचवट्यावर, ताडपत्रीखाली कोरडे ठेवले आणि वरचे पाणी चर काढून वळवले, तर कचेरीची पायरी चढावी लागणार नाही. आधी त्याला समजावून सांगा. ऐकले नाही तर अर्ज करा. आणि हुकूम हाती आला तरी विहिरीत टीसीएल टाकायचे सोडू नका.