दाढीचे सामान

सणसवाडीत जुनी वस्तू मिळायची नाही, असे माझ्या पुण्याच्या स्नेह्यांचे ठाम मत आहे. त्यांचेही फारसे चुकत नाही. पुण्याहून नगर रोडने (जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी रस्ता लोकांच्या तोंडी नगर रोडच राहिला आहे) निघून कोरेगाव भीमा मागे टाकले, की शिक्रापूर येईपर्यंत दोन्ही अंगांना दिसतात ते कारखाने, वजनकाटे, ट्रकांच्या रांगा आणि कामगारांच्या खोल्या. येथले सारे काल बांधलेले आणि उद्या वाढवायचे. पण जेथे कारखाने तेथे भंगारवाले, आणि भंगारवाल्याच्या ढिगात काळाचा क्रम कोणी पाळत नाही. अशाच एका ढिगात, झिजलेल्या बेअरिंगांच्या शेजारी, बारा वर्षांपूर्वी मला एक दाढीचा रेझर पडलेला दिसला. दोन बाजूंनी धारेचे पाते बसते तो, तीन तुकड्यांचा, माझे वडील वापरीत तसाच. दुकानातल्या पोऱ्याने तो खुशाल काट्यावर टाकला. “पितळ आहे सर, पितळेचा भाव लागंल.” साठ ग्रॅम भरले. तीस रुपये देऊन मी तो खिशात घातला आणि घरी येईपर्यंत दहा वेळा खिसा चाचपला.

आज माझ्याकडे असे ४१ रेझर आहेत. मी व्यवसायाने मराठीचा प्राध्यापक. वर्गात संतवाङ्मय शिकवणाऱ्या माणसाने घरी दाढीची यंत्रे जमवावीत, हे आमच्या घरात अजून कोणाला पचलेले नाही. “गाल दोन आणि रेझर एकेचाळीस!” हे हिचे वाक्य आता पाहुण्यांनाही पाठ झाले आहे. त्यातही माझ्या समोरच्या बाकांवर हल्ली अशी एकेक दाढी बसलेली असते, की सबंध वर्गात हनुवटी उघडी असलेला पुरुष मी एकटाच.

या छंदाचे मूळ पुरुष किंग कॅम्प जिलेट. ‘किंग’ ही पदवी नव्हे, नावच. हा अमेरिकन गृहस्थ बाटल्यांची बुचे विकणाऱ्या कंपनीत फिरता विक्रेता होता. एकदा वापरली की फेकून द्यायची अशी काहीतरी वस्तू शोधून काढ, म्हणजे गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येईल, असा मंत्र त्याला बुचाच्या संशोधकानेच, विल्यम पेंटर याने, दिला होता. १८९५ साली एका सकाळी वस्तरा बोथट झालेला पाहून जिलेटला वाटले, की धारेपुरतेच पोलाद लागते, मग बाकीचा जाड पाठीचा वस्तरा कशाला? पातळ पत्र्याचे पाते करावे, दोन्ही कडांना धार द्यावी, बोथटले की टाकून द्यावे. कल्पना सोपी होती. पण इतके पातळ पोलाद कडक करून त्याला धार देणे अशक्य आहे, असे जाणकारांनी त्याला सांगितले. अखेर विल्यम निकरसन या अभियंत्याने ते जमवले. १९०१ साली कंपनी निघाली. १९०३ साली विक्री सुरू झाली तेव्हा सबंध वर्षात खपले ५१ रेझर आणि १६८ पाती. पुढच्याच वर्षी खप नव्वद हजार रेझरांवर गेला. पहिल्या महायुद्धात अमेरिकन सरकारने सैनिकांसाठी सुमारे ३५ लाख रेझर घेतले, आणि शिपाई घरी परतले ते रोज स्वतःच्या हाताने दाढी करण्याची सवय घेऊनच.

गंमत अशी, की हाच मनुष्य त्याआधी, १८९४ साली, व्यापारातली स्पर्धा हेच साऱ्या दुःखाचे मूळ आहे, ती नाहीशी करावी आणि सगळ्या अमेरिकेने नायगाऱ्याच्या धबधब्याजवळ एकाच प्रचंड शहरात राहावे, असे प्रतिपादणारे पुस्तक लिहून बसला होता. पात्याच्या वेष्टनावर छापलेला त्याचा मिशाळ चेहरा जगभर पोचला. त्याच्या नव्या समाजाकडे मात्र कोणी फिरकले नाही. १९२९च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात संपत्ती बरीचशी गेली आणि १९३२ साली तोही गेला.

मला या यंत्राचे खरे आश्चर्य वाटते ते निराळ्याच कारणासाठी. आमच्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडून पाच रुपयांच्या आत मिळणारे पाते मी १९०४ सालच्या बनावटीच्या रेझरात बसवतो आणि ते चपखल बसते. ग्रामोफोनच्या तबकड्या गेल्या, कॅसेटी गेल्या, टेलिफोनचा तर आकारही ओळखू येईनासा झाला; पण त्या पात्याची लांबी-रुंदी शंभर वर्षांत हललेली नाही. सुरुवातीला पात्याला तीन भोके असत. मधल्या लांब फटीचा आकार आला तो १९३०च्या सुमारास, हेन्री गेस्मन नावाच्या प्रतिस्पर्ध्याकडून. त्याच्या पेटंटाशी झगडता झगडता जिलेट कंपनीला त्याच्या कंपनीशी सोयरीक करावी लागली.

संग्रहातली काही मंडळी मानाची आहेत. १९४७ पासून निघालेल्या ‘सुपर स्पीड’ची मूठ फिरवली, की माथ्यावरचे दोन दरवाजे देवळाच्या कवाडांसारखे उघडतात. माझ्याकडच्या एकाच्या माथ्याखाली ‘ए २’ अशी बारीक अक्षरे आहेत. कारखान्याची ती तिथी: ‘ए’ म्हणजे १९५५ आणि २ म्हणजे वर्षाची दुसरी तिमाही. जन्मपत्रिका अंगावर गोंदवून आलेली अशी वस्तू दुसरी मी पाहिली नाही. १९६१ नंतरच्या एका रेझराला १ ते ९ आकड्यांची चकती आहे. आकडा वाढवला की पाते अधिक उघडे पडते. मी तीनच्या पुढे जात नाही. नऊवर एकदाच गेलो आणि त्या दिवशी हनुवटीवर कापसाचे तीन बोळे चिकटवून व्याख्यान दिले.

आणि रोल्स रेझर! इंग्रजी बनावटीची ही चपटी डबी मला पुण्याच्या जुन्या बाजारात एका बुधवारी मिळाली. (हा बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, रविवारी भाव चढे असतात, बुधवारी विक्रेता घासाघीस करायला मोकळा असतो.) हिच्यात पाते टाकून द्यायचे नसते. डबीच्या एका झाकणात चामड्याचा पट्टा, दुसऱ्यात निसणा. मधली दांडी पुढे-मागे सरकवली की पाते पट्ट्यावर आपसूक उलटसुलट घासले जाते. खट्-खट् असा तो आवाज सकाळी साडेपाचला आमच्या दोन खोल्यांपलीकडे झोपलेल्या कन्येला जागे करतो. ती कंपनी पुढे धुलाईयंत्रे विकण्याच्या नादी लागून १९६४ साली बुडाली. डबी मात्र चालू आहे.

चुका मीही केल्या. एकदा सोनेरी मुलाम्याचा सुरेख रेझर मिळाला. काळवंडला होता. मी मोठ्या उत्साहाने, देवाच्या समया उजळतात तसा, चिंच आणि राख लावून खसाखसा घासला. रेझर उजळला खरा, पण सोने चिंचेबरोबर मोरीत वाहून गेले. त्यानंतर कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश याखेरीज मी कशाला हात लावीत नाही.

मोडलेल्या यंत्रांच्या बाबतीत मात्र सणसवाडी पुण्याला हरवते. मूठ हरवलेला एक रेझर घेऊन मी आमच्या शेजाऱ्यांकडे गेलो. ते एका वर्कशॉपमध्ये टर्नर आहेत. त्यांनी माथ्याचा स्क्रू निरखला, पाच मिलिमीटरचे नट लावून पाहिले आणि म्हणाले, “सर, हा इंचाचा आटा आहे. आपला मिलिमीटरचा त्याला जवळजवळ चालतो, केसाइतका सैल पडेल.” रविवारी लेथवर पितळेची कांब लावून, पाच मिलिमीटरचा टॅप मारून त्यांनी मूठ करून दिली, वर बोट घसरू नये म्हणून खरखरीत नक्षीही काढली. पैसे घेतले नाहीत. एक रेझर मागितला. आता रोज सकाळी आमच्या मजल्यावर दोन घरांत जुन्या पद्धतीची दाढी होते.

रेझरसारखी क्षुद्र वस्तू काय जमवायची, असे विचारणाऱ्याला मी बाजीराव रस्त्यावरच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात नेतो. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या दिनकर केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या अशा घरगुती वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, अकाली गेलेल्या मुलाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि १९७५ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. पाय घासायच्या वज्रीला काचेचे कपाट मिळते, तर गाल घासायच्या यंत्राने काय पाप केले?

पण या हत्याराची सगळीच कथा अशी हसतखेळत सांगण्याजोगी नाही. रेझर येण्यापूर्वी गावोगाव होती ती न्हाव्याची धोपटी: वस्तरा, कातर, निसणा, आरसा, नखे काढायची नराणी. त्याच वस्तऱ्याने आपल्याकडे कोवळ्या विधवांची डोकी भादरली. ते काम रूढीने ज्यांच्या गळ्यात बांधले होते, त्या मुंबईच्या न्हाव्यांनीच १८९० साली, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या सभेत, यापुढे विधवांचे केशवपन करणार नाही असा निर्धार केला. सुशिक्षितांची व्याख्याने चालू असताना या माणसांनी हातातले हत्यार खाली ठेवले. तेही पोटावर पाय येईल हे ठाऊक असताना. मला त्या सभेचे मोल फार वाटते.

आमच्या घरची गोष्ट त्या मानाने लहान आहे. माझे वडील शिरूर तालुक्यातच प्राथमिक शिक्षक होते. १९७२ साली नोकरीच्या पहिल्या वर्षी त्यांनी पुण्याहून एक रेझर आणि पात्यांची पुडी आणली. तोवर आमच्या घरची दाढी गावच्या नाभिकाकडे असे आणि सुगीला त्यांच्या घरी बलुत्याची ज्वारी जाई. गाव त्यांना अण्णा म्हणे. आठ-दहा दिवस मास्तर ओसरीवर बसले नाहीत, तेव्हा अण्णा एका संध्याकाळी दाराशी आले, धोपटी काखेतच होती, आणि म्हणाले, “मास्तर, माझ्या हातून काही चुकलं का?” ही हकीकत वडील सांगत तेव्हा दर वेळी येथे थांबत. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी तोड काढली: सहा दिवस रेझर, रविवारी अण्णा. ज्वारी पूर्वीइतकीच. अण्णा असेपर्यंत हा नेम मोडला नाही. आठवड्यात बोथटलेले पाते वडील शनिवारी काचेच्या पेल्यात आतून घासून ठेवीत, ते सोमवारी पुन्हा चाले.

२०१६ साली वडिलांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा अडखळली. शाळेत कधी दाढी वाढवून न गेलेला माणूस आरशाकडे पाठ करून बसू लागला. त्यांची दाढी मी करायला घेतली, तीही मोठ्या आत्मविश्वासाने. घरात २० रेझर तोवर जमले होते. पहिल्याच दिवशी दोन ठिकाणी कापले. दुसऱ्याच्या गालावर हात चालत नाही, हे मला त्या दिवशी कळले. आपल्या गालाचे केस कोणत्या वळणाचे हे आपल्या बोटांना ठाऊक असते. बापाच्या गालाचे मला काहीच ठाऊक नव्हते.

अण्णांच्या मुलाचे आता सणसवाडीत रस्त्याला लागून सलून आहे. त्याच्याकडे गेलो. तो दुकान बंद करून रात्री घरी आला. त्याने पाते कागदासकट मधोमध मोडले आणि अर्धा तुकडा आपल्या घडीच्या उस्तऱ्यात सरकवला. (एड्सच्या धास्तीनंतर दर गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते ही चाल सलूनांत रूढ झाली, दुधारी पाते आपल्याकडे अजून गल्लोगल्ली मिळते, त्याचे श्रेय माझ्यासारख्या छांदिष्टांना नसून या मंडळींना आहे.) मग त्याने वडिलांच्या गालावरून नुसती बोटे फिरवली. “बघा सर, मास्तरांचा केस गळ्याशी आडवा आहे. खालून वर गेलात म्हणून लागलं.” डाव्या अंगठ्याने कातडी कशी ताणायची, लुळ्या बाजूला गाल आत जातो तेथे तोंडात बोट घालून तो कसा उचलायचा, पहिला हात सुलटा आणि उलटा हात गळ्याला अजिबात नाही, हे सारे त्याने चार दिवस येऊन शिकवले. पुढे तीन वर्षे सहा दिवस मी आणि रविवारी तो, अशी दाढी होत राहिली. आम्ही काही ठरवले नव्हते.

वडिलांचा तो १९७२चा रेझर ४१मध्ये धरलेला नाही. तो मोरीच्या कोनाड्यात असतो आणि सोमवारी त्याचीच पाळी असते.

मागच्या वर्षी मी धीर करून अण्णांच्या मुलाला विचारले, की तुमच्या वडिलांचा वस्तरा असेल तर संग्रहाला द्याल का? योग्य ती किंमत देईन. तो हसला. “सर, तो विकायचा न्हाई. खंडेनवमीला पुजतो आम्ही त्याला.” मी ओशाळलो. जायला निघालो तर त्याने हाक मारली, “बसा की. दोनच मिनिटं.” आतून एक फडके आणले, घडी उलगडली, काळ्या मुठीचा तो वस्तरा निसण्यावर चार वेळा फिरवला आणि खुर्चीच्या पाठीला टांगलेल्या पट्ट्यावर चढवून, माझ्या गळ्याभोवती पांढरा कपडा बांधला.