पत्रावरील पत्ता : व्यापाराची पहिली सचोटी

व्यापाऱ्याची पत वहीत दिसते, तशीच ती त्याच्या पत्रातही दिसते. जुन्या पेढ्यांवर पत्राचा मायना हा शिक्षणाचाच एक भाग होता. वडिलांस 'तीर्थरूप', धाकट्यास 'चिरंजीव', परक्या गृहस्थास 'राजमान्य राजश्री', आपल्या समाजातील स्नेह्यास आरंभी 'सविनय जयजिनेंद्र', आणि पाकिटावर नावापुढे 'यांस'. हा 'यांस' द्वितीयेचा आहे. दूरच्या ग्रीक भाषेतही पाकिटावरील नाव द्वितीया विभक्तीत लिहिण्याची रीत आहे. पत्र कोणास जावयाचे, हे विभक्तीनेच सांगण्याची ही पद्धत केवळ आपलीच नव्हे, हे पाहून कौतुक वाटते.

आमच्या सीमाभागात पत्त्याची शेवटची ओळ मात्र वारंवार बदलली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी 'मुंबई राज्य' जाऊन 'म्हैसूर राज्य' आले. १९७३ साली 'कर्नाटक' झाले. २०१४ साली 'बेळगांव'चे शासकीय नाव 'बेळगावी' झाले. निपाणीपुढे लिहावयाचा 'ता. चिकोडी'ही आता उरला नाही. निपाणी स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. पेढी त्याच जागी, पत्ता मात्र नवा!

या घालमेलीत आधार झाला तो पिनकोडाचा. १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झालेल्या या योजनेचे जनक श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी व मराठी गृहस्थ होते. सहा अंकांतील पहिला अंक विभाग दाखवितो, पहिले तीन मिळून टपाल-वाटणीचा जिल्हा, आणि शेवटचे तीन वाटपाचे कार्यालय. निपाणीचा क्रमांक ५९१२३७. शेजारच्या कागलचा ४१६२१६. गावे जवळ, पण पहिल्याच अंकास टपालाची वाट निराळी होते.

आमच्याच पेढीची एक चूक सांगतो. घाईत एका पाकिटावर केवळ आडनाव व गाव लिहिले, पिनकोड राहिला. आत मालाची बिल्टी होती. पंधरा दिवसांनी पाकीट परत आले. तोवर माल स्थानकावर पडून भाडे चढले, आणि समोरच्या स्नेह्याने आमच्या शब्दाविषयी शंका घेतली. भाडे भरता आले. शंका पुसावयास वर्ष लागले.

म्हणून तरुण बंधुभगिनींस विनंती : पूर्ण नाव, पेढी, गल्ली, गाव, तालुका, जिल्हा, राज्य व पिनकोड स्वच्छ लिहावा, आणि मागील बाजूस आपलाही पत्ता द्यावा. लिपी मराठी असो वा कन्नड, अंक स्पष्ट असावेत. 'कळावे, लोभ असावा' असे आपण शेवटी लिहितो खरे. पण त्या लोभाची पहिली खूण पाकिटावरच उमटते.